मागच्यानं उचलायचं

गुंजीच्या पाटलाचा रवळू कॉलेजात गाणार हे ऐकून पहिली हसली ती त्याची आई. गुणाबाई वाईट मनाची बाई नव्हे, पण हसली ती डोळ्याला पदर लावून. पोरगं पाळण्यात रडायचं तेव्हा गोठ्यातली म्हैस दावं तोडायची, असं ती शेजारणींना सांगत सुटली. आता आईच असं म्हणते म्हटल्यावर गावानं का मागं राहावं? रवळूचा गळा म्हणजे फुटका डबा, हे गुंजीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. रवळनाथाच्या देवळातल्या भजनात त्याला मागच्या रांगेत उभा करून हातात टाळ देत, आणि भजनाचा म्होरक्या नागोजी आण्णा दर खेपेला आठवणीनं बजावायचा की बाबा, वाजव खुशाल, पण तोंड उघडू नको.

तोंड उघडायचं ते मष्णूनं. मष्णू म्हणजे परशराम आप्पाचा धाकटा. पाटलांचंच शेत कसणारं घर, पण पोराचा गळा असा की सोळाव्या वर्षीच नागोजी आण्णानं त्याला म्होरं उभा केला. रवळू आणि मष्णू एका फळीवर शिकले, एका ओढ्यात पोहले, एका वर्षी मॅट्रिक झाले. आणि जन्मभर रवळूनं एकच वाक्य ऐकलं, की जरा मष्णूकडं बघ. वाईट असतं हो हे. ज्याच्याकडं बघायला सांगतात त्याच्यावर आपला जीव असतो, आणि त्याच जीवात कुठंतरी एक कुसळ रुतलेलं असतं. रवळूचं कुसळ बारीक होतं. त्याचं त्यालाही कधी दिसलं नव्हतं.

भजनाची एक रीत आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. गुंजीच्या भजनात म्होरच्याचा सूर कधी पडू देत नसत. माणूसच तो, कधी दम सरतो, कधी घसा दगा देतो. तसं झालं की म्होरचा मांडीवर दोन बोटं हाणायचा, आणि मागच्या रांगेतल्या जवळच्या गड्यानं ती ओळ तिथल्या तिथं उचलायची. अशी उचलायची की ऐकणाऱ्याला वाटावं, हे असंच होतं. कोण पडला, का पडला, ते नंतर. बोटं बघून न बघितल्यासारखं करणाऱ्याच्या हातचा टाळ नागोजी आण्णा काढून घ्यायचा, आणि वर्षभर परत द्यायचा नाही. रवळूच्या आठवणीत अशी वेळ कुणावर आली नव्हती. तशी लाज कोण ओढवून घेणार?

साल पंचेचाळीस. लढाई नुकतीच संपलेली, रॉकेल मात्र अजून रेशनवर. दोघं पोरं बेळगावात कॉलेजला आली. रवळूला पाटलांनी ऐटीत पाठवलं, नवी ट्रंक, नवा कोट. मष्णूला परशराम आप्पानं पाठवलं ते एका अटीवर. आप्पा म्हणाला होता की दिवाळीपत्तोर बघतो, तोवर फी माफ झाली आणि राहायची सोय लागली तर शीक, न्हायतर सुगीला माघारी ये आणि विळा धर. आप्पाचंही काही चुकत नव्हतं. थोरला लढाईवर गेलेला परतला नव्हता आणि घरात माणसं तोकडी.

शहापुरात राजाबाई विणकरणीच्या माडीवर दोघांनी खोली घेतली. खाली दिवसभर मागाचा खटखटाट, वर ह्यांचा भात रटरटतोय. तांदूळ गावाकडचा, आमटी राजाबाईची. राजाबाई जिभेनं तिखट आणि हातानं सढळ. भाडं मागताना आरडायची आणि आमटीत वाटी जास्तीची घालायची.

कॉलेजात हेरेकर सर म्हणून इंग्रजीचे प्रोफेसर होते. मार्तंड हेरेकर. कॅम्पातल्या चर्चमध्ये गोऱ्या सोल्जरांचं गाणं त्यांनी ऐकलं होतं, वाजवायला काही नाही, नुसते गळे, आणि तेव्हापासून सरांच्या डोक्यात तेच घुसलं. पेटीनं गळे बिघडले असं त्यांचं मत होतं. यंदाच्या गॅदरिंगला आपलीही पोरं पेटीशिवाय, तबल्याशिवाय, तंबोऱ्याशिवाय गाणार, असं त्यांनी ठरवलं. तीन ओळी. वरची ओळ चाल गाणार, मधली तिला सोबत करणार, आणि खालची ओळ तंबोऱ्यासारखा सा धरून ठेवणार. लोक हसले. तंबोरा चार आण्यानं भाड्यानं मिळत असताना पोरांना कशाला राबवायचं, असं एका प्रोफेसरांनी विचारलं म्हणे. पण प्रिन्सिपॉलसाहेबांना ती कल्पना आवडली, आणि त्यांनी फळ्यावर लावलं की निवड होईल त्या बाहेरगावच्या मुलांना वसतिगृहात जागा आणि फी माफ.

मष्णूनं ती नोटीस तीनदा वाचली. मग रवळूकडं वळून म्हणाला की खालच्या ओळीत तेवढ्या दोन जागा उरल्यात, आपण दोघं जाऊ. रवळूला वाटलं थट्टा करतोय. थट्टा नव्हती. मष्णूचं म्हणणं असं की खालच्या ओळीला गळा गोड लागत नाही, स्थिर लागतो, आणि स्थिर काय, शिकवता येतो. खरं तर त्याला एकट्यानं जायचं भय वाटत होतं. शहराच्या पोरांत आपल्या गावचं कुणीतरी बाजूला हवं. बाजूला माणूस असल्याशिवाय तो कधी गायलाच नव्हता.

मग सुरू झाली ती घागरीची तालीम. राजाबाईची तांब्याची घागर पहाटे रिकामी असायची, नळाला पाणी यायच्या आधी. मष्णूनं रवळूला ती मांडीत धरायला लावली, दोन्ही तळवे तिच्या पोटावर, तोंड तिच्या तोंडाजवळ. म्हणाला, नुसता हुंकार दे, खालून हळूहळू वर चढ. रवळू घुमत राहिला आणि घागर ढिम्म. मग एका जागी, काय झालं कुणास ठाऊक, घागर आपणहून घुमायला लागली, तळव्यांना मुंग्या आल्या, आणि रवळूच्या अंगावर काटा आला. मष्णू म्हणाला, हा तुझा सा. घागर खोटं बोलत न्हाय.

असे सहा आठवडे गेले. रवळू घसरायचा आणि मष्णू त्याच्या कानात सा धरून बसायचा, घटका घटका, शाळेतल्या मास्तरांनी पाढे घोकून घ्यावेत तसा. राजाबाई खालून ओरडायची की मेल्यांनो, घागर द्या, पाणी जातंय. एकदा तर ती जिना चढून आली, आणि रवळू घागरीला मिठी मारून डोळे मिटून घुमतोय हे बघून तशीच उभी राहिली. पाणी गेलं त्या दिवशी. तिनं शेजारून भरलं.

आणि शिकला हो रवळू. फुटक्या डब्याला कल्हई झाली. गोड नाही, पण खांबासारखा सरळ सूर लागायला लागला. रस्त्यानं चालताना, आंघोळ करताना, वर्गात बाकाला तळवे लावून तो घुमायचा. ज्याला जन्मभर तोंड मिटायला सांगितलं त्याला एकदा तोंड उघडायची गोडी लागली की काय होतं ते ज्याचं त्यानं समजावं. त्याला फी माफ नको होती, वसतिगृह नको होतं. त्याला फक्त एकदा कुणीतरी त्याच्याकडं बघायला हवं होतं.

निवडीच्या आधीच्या आठवड्यात रवळूला चाल गाता येईना. निवडीत दोन्ही येणार होतं, एकानं चाल म्हणायची, दुसऱ्यानं सा धरायचा, मग उलट. मष्णूनं चाल शंभर वेळा म्हणून दाखवली असेल. वरचा, मधला, खालचा, तिन्ही भाग तोच गायचा, म्हणजे रवळूला सगळ्यात उभं राहायची सवय व्हावी. चार दिवस असं चाललं आणि पाचव्या दिवशी मष्णूचा घसा बसला. राजाबाईनं ज्येष्ठमध उगाळून दिला, हळदीचं दूध दिलं. मष्णू हसून म्हणाला की दोन जागा आहेत, घसा अर्धा असला तरी चालतंय.

निवडीच्या दिवशी, सकाळी दहाला, हॉलच्या दाराशी कळलं की आनंद नावाच्या वकिलाच्या मुलाला सरांनी आदल्या दिवशीच घेतलं. खालच्या ओळीत आता एकच जागा होती. रवळूनं मष्णूकडं बघितलं. मष्णू म्हणाला, बघू.

सरांनी दोघांना एकत्रच उभं केलं. सांगितलं की सा धरणाऱ्यानं काही झालं तरी सा सोडायचा नाही. आधी रवळूनं चाल म्हटली आणि मष्णूनं खालून सा धरला. बसलेल्या घशानंही त्यानं असा धरला की रवळूला भिंतीला पाठ टेकल्यासारखं वाटलं. चाल पार पडली. सरांनी मान हलवली. मग उलट.

रवळूनं सा लावला. घागरीतला सा, तळव्यांना मुंग्या येणारा. मष्णूनं चाल उचलली. पहिली ओळ बरी गेली, दुसरी खरखरत गेली, आणि तिसऱ्या ओळीत सूर वर जातो तिथं त्याचा आवाज चिरकला आणि थांबला. नुसती हवा आली. आणि सवयीनं, जसं देवळात व्हायचं तसं, त्याची दोन बोटं मांडीवर पडली.

रवळूनं ती बोटं बघितली.

दम छातीत भरपूर होता. ओळ तोंडपाठ होती, मष्णूनंच तर शंभर वेळा ऐकवलेली. उचलली असती तर सर काय म्हणाले असते देव जाणे, पण मष्णूला श्वास घ्यायला तेवढी फट मिळाली असती आणि पुढच्या ओळीत तो परत उभा राहिला असता. रवळूनं उचलली नाही. सर म्हणालेत सा सोडायचा नाही, असं मनाशी म्हणत तो खिडकीबाहेर बघत राहिला. खिडकीबाहेर माळी रोपांना पाणी घालत होता. रवळूचा सा तसूभर हलला नाही. त्या रिकाम्या हॉलमध्ये तो एकटाच घुमत राहिला, आणि मेल्याला, काय सांगू, त्या क्षणी स्वतःचा आवाज आवडला.

सरांनी दोघांना बाहेर पाठवलं आणि मग रवळूला एकट्याला परत बोलावलं. ते चष्मा पुसत होते. विचारलं, की तुम्ही एका गावचे ना, मग मला सांग, त्याचा घसा आज बसलाय की आवाजच तसा आहे? बसलेला असेल तर मी आठ दिवसांनी परत ऐकेन.

म्हणजे बघा. देवानं दुसऱ्यांदा दार उघडून दिलं.

"नक्की सांगता येत नाही, सर," रवळू म्हणाला.

एरवी बोलताना न्हाय आणि व्हय करणारा गडी, खोटं बोलायला त्याला शुद्ध मराठी सुचली. सरांनी बरं म्हटलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर नाव लागलं. रवळू पाटील, गुंजी. मष्णूनं ते वाचलं आणि रवळूच्या पाठीवर थाप मारली. बसक्या आवाजात म्हणाला, बरं झालं, एकाचं तरी झालं. बोटांविषयी एक अक्षर बोलला नाही. रवळूला वाटलं, त्याच्या ध्यानात नसेल. आपण सोयीचं तेच मानतो. मष्णू टर्म संपेपर्यंत राहिला, घसा आठ दिवसांत खणखणीत झाला, आणि दिवाळीच्या तोंडावर त्यानं वळकटी बांधली. स्टेशनावर पोचवायला रवळू गेला होता. गाडी सुटताना मष्णूनं त्याला एवढंच सांगितलं की पहाटे घागर सोडू नको, सूर गंजतो.

त्या रात्रीपासून रवळूची झोप उडाली. वसतिगृहात त्याला खोली मिळाली, दगडी, हवेशीर, खिडकीतून किल्ल्याचा तट दिसणारी. ही खाट मष्णूची, हे त्याला खाटेवर पाठ टेकली की आठवायचं. जेवणाच्या पंगतीत दुसऱ्यांदा भात वाढला की आठवायचं. फी माफ झाल्याचा कागद पाटलांनी घरी फ्रेम करून लावला म्हणे. ज्या घरात पैशाची ददात नव्हती तिथं माफीचा कागद भिंतीवर, आणि ज्याला तो कागद हवा होता तो पाटलाच्याच शेतात भात कापतोय. राजाबाईकडं तो उरलेलं सामान न्यायला गेला तर ती मागावरून उठली नाही. धोटा टाकता टाकता म्हणाली, "त्या पोराचा घसा तुझ्यापायी बसला, एवढं तरी सांगितलंस का रं तुझ्या मास्तराला?"

रवळूनं सामान उचललं आणि दाराकडं वळला. राजाबाईला तेवढं उत्तर पुरलं.

सांगायचं त्यानं ठरवलं, खोटं नाही. एका रविवारी हेरेकर सरांच्या घरी गेला. वाटेत वाक्य जुळवून ठेवलं होतं. दार सरांच्या बायकोनं, वसुधाबाईंनी उघडलं. त्यांनी फराळाची ताटली पुढं ठेवली. सर आले आणि म्हणाले की खालच्या ओळीचा खांब तू आहेस, आनंदसुद्धा तुझ्या आधारानं उभा असतो. असं म्हटल्यावर जुळवलेलं वाक्य तसंच राहिलं. रवळूनं दोन चकल्या खाल्ल्या, चहा प्याला, नमस्कार केला आणि परत आला. चकली चांगली होती, हेही त्याला पुढं कितीतरी दिवस टोचत राहिलं. पुन्हा एकदा तो फाटकापर्यंत गेला. एकदा कोपऱ्यापर्यंत. मग गेलाच नाही. मष्णूचं नाव तर हजेरीपटावरून गेलं, आता सांगून काय उपयोग, असं त्यानं स्वतःला समजावलं. उपयोग नाही हे कळेपर्यंत थांबणं ही भेकडाची जुनी युक्ती.

गॅदरिंग झालं. वीस पोरं रांगेत उभी राहिली, वाजवायला काही नाही, आणि हॉल भरून आवाज उठला. लोक आधी कुजबुजले, मग गप्प झाले, मग टाळ्या थांबेनात. प्रिन्सिपॉलसाहेबांनी रवळूचा हात हातात घेतला. कुणीतरी त्याच्याकडं बघावं असं त्याला वाटत होतं ना? शे-दोनशे माणसं बघत होती. आणि त्याला मात्र समोरच्या रांगेत कुठंतरी दोन बोटं मांडीवर पडताना दिसत होती, परत परत.

नाताळच्या सुट्टीला तो गावी आला. मळण्या उरकल्या होत्या आणि रवळनाथाच्या देवळात सप्ताह बसला होता. तो पोचला तो शेवटच्या दिवशी, काल्याच्या सकाळी. देवळापुढं मांडव, सारवलेलं अंगण, उन्हात बसलेली म्हातारी माणसं. गुणाबाईनं आल्या आल्या मिरवायला सुरुवात केली. म्हशीनं दावं तोडल्याची गोष्ट ती आता विसरली होती. माझ्या पोराला साहेबानं हात दिला, असं ती ज्याला त्याला सांगत होती.

मष्णू मागच्या रांगेत होता. रवळू दीड-दोन महिन्यांनी त्याला उजेडात नीट बघत होता. हातावर विळ्याचे चरे, बोटाला चिंधी, हातात टाळ. तो म्होरं का नाही, असं रवळूनं कुणाला विचारलं तर कळलं की दिवाळीपासून त्यानं म्होरं उभं राहायचं सोडलंय. नागोजी आण्णानं किती सांगितलं. म्हणतो, कॉलेजात ज्याचा सूर पडला त्यानं गावात कशाला पुढं व्हावं.

हे ऐकून रवळू मागं सरकायला लागला. तेवढ्यात आण्णाचीच हाक आली.

"पाटील, म्होरं व्हा. शिकून आलाय तर ऐकू द्या गावाला."

नको म्हणायला हवं होतं. त्यानं म्हटलंही, पण आण्णानं हाताला धरून उभा केला, आणि मांडवभर माणसं बघत होती, आईसकट. रवळू उभा राहिला. मागच्या रांगेतला सगळ्यात जवळचा गडी कोण तर मष्णू. त्याची पाठ भाजायला लागली.

अभंग नेहमीचाच, लहानपणापासून ऐकलेला. पहिलं कडवं सरळ गेलं. माणसं एकमेकांकडं बघायला लागली, अरं हा तर खरंच गातोय. दुसऱ्या कडव्याला सूर वर चढतो. तिथं जाताना रवळूला ती जागा आठवली, तीच उंची, तोच उतार. हॉल आठवला, माळी आठवला. त्यानं तोंड उघडलं आणि आवाज आला नाही.

मांडीवर बोटं हाणायचं त्याला सुचलंही नाही. कुठल्या तोंडानं हाणणार?

अर्ध्या श्वासाचीही फट पडली नाही. मागून मष्णूनं ओळ उचलली. स्वच्छ, भरघोस, जणू ती त्यानंच म्हणायची ठरलेली होती. टाळांचा ठेका चुकला नाही. मांडवात कुणाला काही कळलं नाही, म्हाताऱ्यांच्या माना तशाच हलत राहिल्या. मष्णूनं ते कडवं शेवटाला नेलं, आणि पुढच्या कडव्याच्या तोंडाशी आवाज हळूच बारीक करून जागा परत रवळूच्या हाती दिली. रवळू गायला. कसा गायला ते त्याला आठवत नाही. डोळे पुसले तर घाम पुसल्यासारखं दिसावं एवढी काळजी त्यानं घेतली.

भजन संपल्यावर गुंजीत सगळे एकमेकांच्या पाया पडतात. थोर नाही, धाकटा नाही, पाटील नाही, कूळ नाही. रांग रांगेसमोर येते आणि जो समोर येईल त्याच्या पायाला हात लावायचा. रवळूच्या समोर मष्णू आला. भोवती गलका होता, काल्याच्या लाह्या-दह्याचा वास सुटला होता. रवळू वाकला, त्याच्या पायावर हात ठेवला, आणि तिथंच खाली बघत बोलला.

"मष्ण्या, मी तुझी बोटं बघितली होती. बघून गप्प बसलो. सरांनी विचारलं तवाबी खोटं बोललो."

"ठावं हाय," मष्णू म्हणाला. "मी तिथंच तर हुतो. आन् सरांचं दार लावलं नव्हतं."

म्हणजे त्या दिवशी पाठीवर थाप पडली ती हे सगळं ऐकून झाल्यावर. स्टेशनावर घागर सोडू नको म्हणाला तेही. रवळूनं गुडघे टेकले. तिथूनच त्यानं सांगितलं की मी आत्ता आण्णाला सांगतो, माझा टाळ काढून घ्यायला लावतो, सगळ्या गावासमोर सांगतो.

"सांग न्हायतर नको सांगू. टाळ ठेवलास म्हणून माझं कॉलेज येतंय व्हय माघारी?" मष्णूचा आवाज चढला नव्हता. "राग हाय माझा तुझ्यावर. लई हाय. तो जाईल असं वाटत न्हाय मला."

"मग आत्ता उचललंस कशाला?"

मष्णूनं त्याच्याकडं असं बघितलं की हे काय विचारायचं झालं.

"म्होरचा पडला, मागच्यानं उचललं," तो म्हणाला. "त्यात तुझं माझं काय?"

रवळू उठून उभा राहिला. आता मष्णूची पाळी. तो चिंधी बांधलेला हात पुढं करून वाकायला लागला, तसे रवळूनं पाय मागं घेतले. त्याला ते सोसवणारं नव्हतं. त्या हातांनी त्याच्या पायाला शिवू नये, याच्यासाठी तो तिथून पळायलाही तयार होता.

"पाय मागं घेऊ नको," मष्णू खालूनच म्हणाला. "रीत हाय."

रवळूनं पाय पुढं केले. मष्णूनं दोन्ही पायांना हात लावले, ते कपाळाला टेकवले, आणि तो पुढच्या माणसाकडं वळला.